अर्धवट एडिट प्रीमिअरमधून रिझॉल्व्हमध्ये नेता येतं का?

कातळवेडा

नमस्कार मंडळी. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरच्या (कातळाच्या पठारांवरच्या) कातळशिल्पांवर माहितीपट करतोय. उक्षी, कशेळी, बारसू इथलं चित्रीकरण झालंय आणि साधारण ७० मिनिटांचा कच्चा कट प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उभा आहे. कट अजून लॉक (पक्का) नाही, मधला भाग ढिला वाटतो. ज्या मित्राकडून कलर (रंगांचं अंतिम काम) करून घ्यायचंय तो दा विंची रिझॉल्व्हवर काम करतो, आणि मलाही आता दरमहा वर्गणीच्या सॉफ्टवेअरवरून उतरायचंय. म्हणून अख्खं प्रोजेक्टच आत्ता रिझॉल्व्हमध्ये न्यावं आणि उरलेलं एडिट तिथेच करावं असा विचार आहे.

फुटेज सोनीच्या कॅमेऱ्याचं, शिवाय ड्रोन, गावकऱ्यांनी मोबाईलवर घेतलेले तुकडे आणि वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज. देवनागरी शीर्षकं आहेत, संगमेश्वरी बोलीतल्या मुलाखतींना प्रमाण मराठीत सबटायटल्स आहेत. कातळशिल्पाच्या रेषा भर दुपारी दिसतच नाहीत, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हातच उठतात. जिथे तसं ऊन मिळालं नाही तिथे ल्युमेट्रीत (प्रीमिअरच्या रंगांच्या साधनात) मास्क काढून रेषा उठवल्यात आणि त्यात बराच जीव ओतलाय. यातलं काय पलीकडे जाईल आणि काय इथेच राहील?

गोदाकाठ

कट जातात, बाकी बरंचसं मागे राहतं. प्रीमिअरमध्ये फाईल मेनूतून ‘फायनल कट प्रो एक्सएमएल’ (टाइमलाइनची माहिती नेणारी मजकुराची फाईल) एक्सपोर्ट करा आणि रिझॉल्व्हमध्ये ती टाइमलाइन म्हणून इम्पोर्ट करा. कोणती क्लिप, कुठून कुठपर्यंत, कुठल्या ट्रॅकवर, एवढं बरोबर उतरतं. साधा क्रॉस डिझॉल्व्ह येतो. पोझिशन, स्केल, रोटेशन, ओपॅसिटी आणि सरळ एकसारखा वेग बहुतेक वेळा येतो.

ल्युमेट्री येत नाही, म्हणजे तुमचे मास्कही येणार नाहीत. हलतं चित्र स्थिर करणारा वॉर्प स्टॅबिलायझर येत नाही. आफ्टर इफेक्ट्सशी डायनॅमिक लिंक केलेलं काही असेल तर ते आधी रेंडर करून त्या जागी बसवा. वेग कमीजास्त होत जाणारे शॉट हमखास घसरतात. मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांची एकत्र क्लिप) असेल तर एक्सएमएल काढण्याआधी फ्लॅटन करा, आणि आवाज-चित्र जोडून मर्ज्ड क्लिप केल्या असतील तर त्यांचा आवाज नीट तपासा, तिथे गोंधळ ठरलेला.

आकाराचा मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. ४के शॉट एचडी टाइमलाइनवर टाकून ‘स्केल टू फ्रेम साइज’ केलं असेल तर तो बदल एक्सएमएलमध्ये आकड्याच्या रूपात जात नाही. ‘सेट टू फ्रेम साइज’ केलं असेल तर क्लिपच्या मोशन सेटिंगमध्ये टक्केवारी लिहिली जाते आणि ती पलीकडे पोचते. मेनूतली नावं आवृत्तीनुसार वेगळी दिसतील, मोशनमधला आकडा बदलला की नाही ते पाहा. रिझॉल्व्हमध्ये इम्पोर्ट करताना ‘यूज सायझिंग इन्फर्मेशन’वर टिक करा आणि प्रोजेक्ट सेटिंगमध्ये इमेज स्केलिंग ‘सेंटर क्रॉप विथ नो रिसायझिंग’ ठेवा. नाहीतर अर्धे शॉट भलत्याच आकारात दिसतील आणि चूक कुठे झाली ते शोधत बसाल.

नवीरिळ

बाळबोध प्रश्न विचारते. सगळी सॉफ्टवेअर शेवटी क्लिपा कापून जोडतात, मग सगळ्यांची मिळून एकच फाईल का नाही?

रिळवाली

बाळबोध मुळीच नाही, आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना प्रश्न आहे हा.

टेपवर एडिट व्हायचं तेव्हा ईडीएल (एडिट डिसिजन लिस्ट, म्हणजे कटांची यादी) असायचं. सीएमएक्स कंपनीचा ३६०० हा साचा इतका रुळला की आजही रिझॉल्व्ह, प्रीमिअर, अ‍ॅव्हिड सगळे तो वाचतात. साधी मजकुराची फाईल, नोटपॅडमध्ये उघडा. एकेका ओळीत घटनेचा क्रमांक, रीळाचं नाव, कट की डिझॉल्व्ह, आणि चार टाइमकोड: मूळ टेपवर कुठून कुठे, तयार कार्यक्रमात कुठून कुठे. जास्तीत जास्त ९९९ घटना, चित्राचा एकच ट्रॅक, रीळाचं नाव ८ अक्षरांत. तीन व्हिडिओ ट्रॅक असतील तर तीन ईडीएल काढायची.

पुढे अ‍ॅव्हिडकडून ओएमएफ नावाचा साचा आला, त्यात एका फाईलला २ जीबीची मर्यादा होती. मग एएएफ आलं, ते आवाजाच्या कामात पक्कं बसलं. फायनल कट प्रो ७ चं एक्सएमएल तिसरं. गोदाकाठ सांगताहेत ते हेच. अ‍ॅपलने २०११ मध्ये फायनल कट प्रो एक्स आणलं तेव्हा त्यात ७ ची प्रोजेक्ट उघडतच नव्हती, आणि त्याचं स्वतःचं एफसीपीएक्सएमएल हा निराळाच साचा आहे. नावं सारखी असली तरी एकाचं दुसऱ्यात थेट जात नाही, मधे कन्व्हर्टर लागतो.

आता तुमचं ‘का’. क्लिप कुठून कुठे कापली, हे सगळीकडे सारखं असतं. पण ब्लर कसा करायचा, मास्कची कड किती मऊ, रंगाचं गणित कुठल्या कलर स्पेसमध्ये, हे प्रत्येकाचं स्वतःचं. ती फाईल दुसऱ्याने वाचली तरी ते गणित त्याच्याकडे नसतं. एकच साचा केला तरी तो सगळ्यांत सामायिक असेल तेवढंच वाहून नेणार, आणि सामायिक म्हणजे कट.

सड्यावरचा

वाचनखूण साठवली.

टोरांटोकर

गोदाकाठ, रिळवाली, तुमचं म्हणणं पटतं, पण त्यावरून ‘नेऊ नका’ असा अर्थ निघत असेल तर मी असहमत. रिझॉल्व्हचं एडिट पेज आता पूर्ण एडिटिंगच्या लायकीचं आहे. कातळवेडा यांना तसंही तिकडे जायचंच आहे. मधला भाग ढिला आहे म्हणजे एडिट अजून बरंच बाकी. जितकं उशिरा न्याल तितकं जास्त काम नव्याने करावं लागेल, मग आत्ताच का नाही?

शिवाय ओपनटाइमलाइनआयओ आहे. पिक्सारने सुरू केलेला हा प्रकल्प आता अ‍ॅकॅडमी सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आहे, मुक्त आहे, आणि रिझॉल्व्ह तो वाचतं-लिहितं. हळूहळू सगळे तिकडेच येताहेत.

गोदाकाठ

टोरांटोकर, तोही कट, ट्रान्झिशन, मार्कर आणि क्लिपची माहितीच नेतो, इफेक्ट नेत नाही. रचना एक्सएमएलपेक्षा स्वच्छ आहे हे मान्य.

अर्ध्यात नेण्याला माझा विरोध वेगळ्या कारणाने. ७० मिनिटांच्या कटात शेकडो निर्णय नुसते टाइमलाइनवर नसतात. बिनमधली (प्रोजेक्टच्या आतल्या फोल्डरांतली) रचना, क्लिपांना दिलेले रंग, बाजूला ठेवलेले पर्यायी सिक्वेन्स, मुलाखतीतले निवडक तुकडे, यावर एडिटरचा हात बसलेला असतो. एक्सएमएलने टाइमलाइन पोचते, ही मांडणी पोचत नाही. ढिला भाग घट्ट करायला लागतात ते नेमके हे बाजूला ठेवलेले तुकडे. कट लॉक होईपर्यंत आहात तिथेच राहा.

टोरांटोकर

पर्यायी सिक्वेन्सचं एक्सएमएल वेगळं काढता येतं की! पण बिनच्या रचनेबद्दल तुमचा मुद्दा रास्त आहे. नव्याने लावायला वेळ जातोच.

ध्वनिवेध

आवाजवाल्यांकडून दोन शब्द. आवाज मिक्सिंगला जाणार असेल तर त्याची वाट एक्सएमएलच्या नादात बिघडवू नका. आम्हाला एएएफ हवं, ते आम्ही प्रो टूल्समध्ये उघडतो. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना हँडल सोडा, म्हणजे कट जिथे झालाय त्याच्या अलीकडचा-पलीकडचा आवाजही आमच्या हाती येतो. सड्यावर वारा असणारच. दोन वाक्यांच्या मधला नुसता वारा आम्हाला भरणीला लागतो आणि तो हँडलमध्येच सापडतो. हँडल न सोडता दिलेल्या फाईलमध्ये प्रत्येक कटवर वारा तुटतो आणि कानाला टोचतो.

फिल्मचं पहिलं चित्र ०१:००:००:०० ला येऊ द्या. त्याच्या बरोब्बर २ सेकंद आधी, ००:५९:५८:०० ला, एका फ्रेमची बीप टाका. सोबत टाइमकोड छापलेला हलका व्हिडिओ द्या. बीप जुळली की पुढे भांडण नाही. ट्रॅकही नीट लावा: मुलाखती वेगळ्या, वातावरण वेगळं, संगीत वेगळं.

लिनक्समित्र

वर्गणीतून सुटायचंच असेल तर केडेनलाइव्हही बघा. त्याची प्रोजेक्ट फाईल मजकुराचीच, एमएलटी नावाच्या पायावर. उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं तरी कुठली क्लिप कुठे कापली ते फाईल उघडून वाचता येतं. शॉटकटही एमएलटीवरच आहे, तरी प्रोजेक्ट इकडून तिकडे सरळ उघडत नाही हेही खरं.

आणि कातळवेडा, रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती लिनक्सवर वापरणार असाल तर ती एच.२६४ (कॅमेऱ्यांचा नेहमीचा व्हिडिओ साचा) उघडत नाही, एएसी आवाजाचीही अडचण आहे. विंडोजवर एच.२६४ चालतं, पण सोनीचा १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती साठवणारा) मोड वापरला असेल तर स्टुडिओ आवृत्ती लागते, किंवा सगळं डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या व्हिडिओ साच्यात बदलून घ्यावं लागतं. स्टुडिओची मूळ किंमत २९५ डॉलर, एकदाच भरायचे.

गोदाकाठ

लिनक्समित्र यांनी बरी आठवण केली. बदलून घेताना फाईलचं नाव आणि टाइमकोड तोच राहू द्या. फक्त शेपूट एमपी४ च्या जागी एमओव्ही झालं तर रिझॉल्व्हच्या एक्सएमएल खिडकीत ‘इग्नोर फाईल एक्स्टेन्शन्स’वर टिक करा, लिंक होतं.

मोबाईलचे तुकडे मात्र आत्ताच बघा. बहुतेक फोन फ्रेमरेट बदलता ठेवतात. एका सॉफ्टवेअरमध्ये ओठ जुळतात, दुसऱ्यात हळूहळू सरकत जातात. शटर एन्कोडर किंवा हँडब्रेकने स्थिर फ्रेमरेटवर आणा आणि टाइमलाइनवर जुन्याच्या जागी तीच फाईल लावा. हे काम पलीकडे गेल्यावर करायचं नसतं.

तिन्हीसांजा

थोडं अवांतर. आमच्या संस्थेने शाळांवरची एक फिल्म बाहेरच्या एडिटरकडून करून घेतली होती. वर्षाने काही मुलांचे चेहरे झाकायची वेळ आली. तयार फिल्म आमच्याकडे होती, प्रोजेक्ट फाईल मागितली तर मिळाली नाही, ‘ती आमची’ म्हणाले. मग तयार फिल्मवरच चेहरे झाकले आणि आवाजावर दुसरा आवाज चढवावा लागला. प्रोजेक्ट नक्की कोणाचं असतं?

रिळवाली

करारात लिहाल त्याचं. तोंडी कामात यावर वाद होतोच होतो. एडिटरची बाजूही समजून घ्या: त्याचे टेम्प्लेट, विकत घेतलेली प्लगइन, फॉन्ट त्यात असतात. प्रोजेक्ट फाईल हातात आली तरी ती उघडेलच असं नाही, म्हणून मी संस्थांना वेगळ्या गोष्टी मागायला सांगते. मजकूर नसलेली स्वच्छ फिल्म, भारी दर्जात. संवाद, संगीत आणि इतर आवाज वेगवेगळे वेव्ह फाईलमध्ये. टाइमलाइनचं एक्सएमएल. सबटायटल्सची एसआरटी, म्हणजे साधी मजकुराची फाईल. आणि मूळ फुटेजची डिस्क. एवढं हाती असलं तर पुढचा एडिटर कुठल्याही सॉफ्टवेअरवर बसो, चेहरे झाकणं एका दिवसाचं काम आहे.

तिन्हीसांजा

मजकूर नसलेली फिल्म मागायची हे डोक्यातही आलं नव्हतं. पुढच्या करारात ही यादी घालते. मनापासून आभार.

नाकाडोळा

मी लग्नाच्या फिल्म्सवाला, एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर. आमच्याकडे प्रोजेक्ट कुणाला द्यायची वेळच येत नाही, पाहुण्यांना गाणी बदलून हवी असतात तेवढीच :) कलरसाठी एएएफ काढून रिझॉल्व्हला देतो. एडियसमधले ट्रान्झिशन तिकडे जात नाहीत, म्हणून कलर करून आणायचं आणि ट्रान्झिशन परत इकडेच लावायचे असा शिरस्ता आहे.

शाईटाक

शीर्षकांबद्दल कुणीच बोललं नाही, मराठी माणसाचं खरं दुखणं ते आहे. प्रीमिअरमधली शीर्षकं एक्सएमएलने जात नाहीत. रिकामी जागा तरी येते किंवा काहीच येत नाही. त्यामुळे प्रत्येक शीर्षक पारदर्शक पार्श्वभूमीसह प्रोरेस ४४४४ (पारदर्शकता जपणारा व्हिडिओ साचा) मध्ये रेंडर करा आणि पलीकडे चित्र म्हणूनच बसवा. नव्याने लिहायचं ठरवलं तर ‘कातळशिल्प’, ‘राष्ट्रीय’, ‘उद्ध्वस्त’ हे शब्द आधी टाइप करून बघा. जोडाक्षरं सुटली, वेलांटी भलत्या अक्षरावर गेली, तर ते शीर्षक त्या सॉफ्टवेअरमध्ये करू नका. प्रीमिअरमध्ये टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल इस्टर्न’ नसेल तर तिथेही देवनागरी मोडते.

जुन्या फिल्म्स उघडणाऱ्यांसाठी आणखी एक. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेली शीर्षकं नव्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतात, कारण आत खरोखरच इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देत असतो. तो फॉन्ट नसेल तर जुनी तयार फिल्म बघून मजकूर नव्याने टाइप करण्याला पर्याय नाही.

सबटायटल्स चित्रात छापू नका, एसआरटी ठेवा, यूटीएफ-८ मध्ये. ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते, यूट्यूबवरही चालते.

नवीरिळ

फोल्डरची नावं मराठीत ठेवली तर चालतात का? माझी सगळी ‘दिवस पहिला’, ‘मुलाखती’ अशी आहेत.

शाईटाक

एकाच मशीनवर चालतात. एक्सएमएल उघडून बघा, तुमच्या प्रत्येक अक्षरामागे, प्रत्येक मात्रेमागे टक्क्याच्या खुणेची तीन-तीन कोडं दिसतील. सॉफ्टवेअरला ती वाचता येतात, पण फुटेज मॅकवर नेलं आणि पत्ता हाताने बदलायची वेळ आली की तुम्हाला वाचता येणार नाहीत. डिस्कवर नावं इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता ठेवा. मराठी नावं सॉफ्टवेअरच्या आतल्या बिनना खुशाल द्या.

कातळवेडा

सगळ्यांचे आभार. तुमच्या सांगण्यावरून कशेळीच्या हत्तीचा प्रसंग तेवढा वेगळ्या सिक्वेन्समध्ये काढून मित्राकडे पाठवून बघितला. कट अगदी बरोबर आले. आकार गोदाकाठ म्हणाले तसे सेटिंग बदलल्यावर जागेवर बसले. मास्क अर्थातच गेले, पण मित्राने पॉवर विंडो (रिझॉल्व्हमधला मास्क) लावून तिरप्या उन्हाचा भास माझ्यापेक्षा छान आणला. हत्तीच्या पोटातले लहान प्राणी आता सुटे सुटे वाचता येतात, तेव्हा मास्कबद्दलची हळहळ संपली.

एका गोष्टीचा मात्र उलगडा होत नाहीये. दोन ठिकाणी भलतेच शॉट लागलेत. हत्तीच्या जागी बारसूचा रस्ता! फाईल जागेवर आहे, फाईल न सापडल्याची लाल पाटी नाही, काही नाही.

रिळवाली

लाल पाटी आली तर बरी, ती निदान ओरडून सांगते. हा प्रकार गप्प बसतो.

सोनीचा कॅमेरा कार्ड फॉरमॅट केल्यावर नावं पुन्हा सी०००१ पासून सुरू करू शकतो. दोन दिवसांच्या दोन कार्डांवर दोन सी००१७. ड्रोनच्या फाईल बहुधा शून्य टाइमकोडनेच सुरू होतात. रिझॉल्व्हला नाव सारखं मिळालं, टाइमकोडही त्या टप्प्यात सापडला, की ते खुशाल चुकीची क्लिप जोडतं. इम्पोर्ट करताना अख्खी डिस्क शोधायला देऊ नका. आधी योग्य फोल्डर मीडिया पूलमध्ये घ्या आणि ‘ऑटोमॅटिकली इम्पोर्ट सोर्स क्लिप्स’ची टिक काढून एक्सएमएल उघडा. तरीही एखादी चुकली तर त्या क्लिपवर उजवी कळ दाबून ‘कॉन्फॉर्म लॉक’ सोडवा आणि बरोबर फाईल निवडा.

फायलींची नावं आता मधेच बदलू नका, प्रीमिअरमधल्या लिंका तुटतील. पुढच्या फिल्मला मात्र कार्ड उतरवतानाच तारीख आणि कार्ड क्रमांक नावात घाला.

कातळवेडा

तसंच निघालं, दोन सी००१७. दुरुस्त केले. ठरलं मग: मधला भाग प्रीमिअरमध्येच घट्ट करतो, कट लॉक करतो, मग कलरला एक्सएमएल आणि आवाजाला एएएफ. शीर्षकं शाईटाक म्हणाले तशी प्रोरेस ४४४४. पुढची फिल्म पहिल्या दिवसापासून रिझॉल्व्हमध्ये, टोरांटोकर खूश होतील.

शेवटची शंका. हत्तीच्या प्रसंगात भलता शॉट मला दिसला कारण तो तुकडा लहान होता. ७० मिनिटांत असे किती लपलेत ते कसं शोधायचं? पूर्ण फिल्म शेजारी शेजारी लावून बघायची?

टोरांटोकर

खूश आहेच :)

रिळवाली

शेजारी नको, एकमेकांवर. प्रीमिअरमधून लॉक झालेला कट ल्युमेट्री बंद करून एका सलग फाईलमध्ये काढा, त्यावर टाइमकोड छापा. रिझॉल्व्हच्या मीडिया पेजमध्ये ती फाईल ‘ऑफलाइन रेफरन्स क्लिप’ म्हणून घ्या आणि टाइमलाइनला जोडा. मग व्ह्यूअरमध्ये वाइपचा ‘डिफरन्स’ प्रकार लावा. दोन्ही चित्रं जुळली की पडदा जवळपास काळा दिसतो, फक्त छापलेला टाइमकोड चमकत राहतो. शॉट भलता असेल, एक फ्रेम पुढेमागे असेल, आकार चुकला असेल, तर लगेच कडा उजळतात. कलरला हात लावण्याआधीच हे करा, कारण एकदा रंग बदलला की सगळंच उजळ दिसतं.

पूर्ण ७० मिनिटं बसून बघायची गरज नाही. खाली बाणाची कळ दाबत एकेका कटवर उडी मारत जा, प्रत्येक शॉटची पहिली फ्रेम बघा. वेग बदललेल्या शॉटची शेवटचीही बघा, ते सुरुवातीला जुळतात आणि शेवटाकडे सरकतात. मित्राला बसवण्याआधी हे तुम्ही स्वतः करा. कुठला दगड कुठल्या सड्यावरचा, हे त्याला ओळखू येणार नाही.